न नांदणारी नीरा

पीएचडीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "विषय एका ओळीत सांग." मी ऐटीत सांगितलं, "जुन्या मराठी सिनेमातल्या बंडखोर मुली." बाई जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बंडखोर हा शब्द तुझा की त्यांचा?"

तेव्हा मला प्रश्नच नीट कळला नाही. पुढचे चार-पाच महिने मी जुन्या मासिकांच्या सूच्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळत 'बंड', 'स्वातंत्र्य', 'मुक्ती' हे शब्द शोधत हिंडले. बंड सापडलं, पण ते १८५७ चं! मुली काही सापडेनात.

तुमच्यापैकी जे आत्ता नेट-सेटच्या अभ्यासात आहात किंवा संशोधनाचा आराखडा लिहायला बसला आहात, त्यांच्यासाठी हा लेख. त्या मुली मला शेवटी कुठे सापडल्या, हे सांगायचं आहे. त्या ग्रंथालयात सापडल्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत केळापूरला गेले होते, तिथे आजीच्या बोलण्यात सापडल्या.

केळापूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, कोर्ट, बाजार सगळं पांढरकवड्याला. केळापूर हे त्याला लागून असलेलं लहानसं गाव, जगदंबेच्या देवळामुळे पंचक्रोशीत ओळखीचं. नवरात्रात मात्र गाव लहान राहत नाही. नागपूर-हैदराबाद रस्त्याने पाटणबोरीच्या पुढे गेलात की पैनगंगा लागते, आणि पलीकडे आदिलाबाद, आताचं तेलंगण. ही नदी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजीला मी माझा विषय समजावून सांगत होते. ती ऐकत होती, हात तुरीच्या शेंगा सोलत होते. मग म्हणाली, "मंग आमच्या मोठ्या बाईवर लिव्ह ना. ते नांदली नाई."

मोठी बाई म्हणजे आजीची थोरली बहीण. भारत स्वतंत्र व्हायच्या एक-दोन वर्षं आधी तिला एका बिजवराला दिली होती. नवरा वयाने वडिलांच्या बरोबरीचा, घरात पहिलीची मुलं. ती तीनदा चालत माहेरी आली. दोनदा भावाने नेऊन सोडली. तिसऱ्यांदा गेली नाही. एवढंच. यात घोषणा नाही, सभा नाही, कुठल्या मासिकात पत्र नाही. आजीच्या तोंडी या सगळ्याला शब्द एकच: नांदली नाही.

आता हा शब्द जरा उलगडून बघा. 'नांदणे' म्हणजे सुखाने राहणे. राज्य नांदतं, शांतता नांदते, लग्नात आशीर्वादही तोच देतात. पण सासर-माहेरच्या बोलण्यात या क्रियापदाचा कर्ता जवळजवळ नेहमी बाई असते. पुरुष नांदत नाही, तो नांदवतो. म्हणजे मुलीला तिच्या स्वतःच्या इच्छेचं असं वाक्य या क्रियापदात एकच मिळतं, आणि ते नकारार्थी आहे. 'नांदत नाही.' कोर्टाच्या कागदांत, जातपंचायतीच्या तोंडी निवाड्यांत, शेजारणींच्या कुजबुजीत मुलीचं बंड या नावाने नोंदलं गेलं. मी भलतंच नाव घेऊन शोधत होते.

हे कळल्यावर मी 'कुंकू' पुन्हा पाहिला. आधी दोनदा पाहिला होता, टिपणंही काढली होती. ती टिपणं आता वाचवत नाहीत.

'कुंकू' १९३७ चा. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली. नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी, काकासाहेबांशी, लावून दिलं जातं. नीरा शांता आपटे, काकासाहेब केशवराव दाते. नीरा पळून जात नाही. ती त्याच घरात राहते आणि त्याची बायको व्हायला नकार देते. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. तिच्याच वयाच्या सावत्र मुलाने अतिप्रसंग करायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला छडीने बडवते. संगीत केशवराव भोळ्यांचं, पण चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे प्रसंगांमधली शांतता अंगावर येते. दोन माणसं एका छपराखाली आहेत आणि एकत्र राहत नाहीत, हे त्या शांततेतून कळतं.

म्हणजे नीरा घरात आहे, पण नांदत नाही. माझ्या आधीच्या टिपणांत मी लिहिलं होतं: 'नायिका घर सोडत नाही, ही कथेची मर्यादा.' किती सहज लिहून टाकलं होतं! सोडून ती जाणार कुठे होती?

इथे एक छोटा सराव करून बघा. एकाच कथेची तीन नावं समोर ठेवा. कादंबरी 'न पटणारी गोष्ट'. मराठी चित्रपट 'कुंकू'. त्याच वेळी केलेली हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने'. पहिल्या नावात एक तक्रार आहे, आणि ती कुणाला पटत नाही हे उघडं ठेवलं आहे. हिंदी नावात न मानणारी दुनिया आहे. मराठी नाव मात्र मुलीच्या कपाळावर येऊन थांबतं. एकाच वर्षी, एकाच कंपनीने, दोन बाजारांसाठी दोन वेगळ्या जागी बोट ठेवलं. मला यातून काही सिद्ध करता आलेलं नाही, पण प्रबंधातलं एक प्रकरण यावर उभं आहे. नावं, जाहिराती, पोस्टर यांना 'दुय्यम' म्हणून बाजूला टाकू नका.

आता कायद्याकडे. काकासाहेब चित्रपटात वकील आहेत, तेही सुधारणावादी. हे मी पहिल्या दोन वेळी फक्त 'पात्राचा व्यवसाय' म्हणून नोंदवलं होतं. पण १९३७ चा वकील म्हणजे ज्याला बायको नांदत नसेल तर कोर्टात जाता येतं हे पाठ आहे असा माणूस. तो दावा तो लावत नाही. चित्रपट त्याबद्दल काही बोलत नाही, पण त्या काळच्या प्रेक्षकाला हा दावा माहीत होता, कारण पन्नास वर्षांपूर्वी तो मुंबईत गाजला होता.

रखमाबाईंची केस तुम्ही वाचली असेलच. अकराव्या वर्षी लग्न, पुढे दादाजी भिकाजीकडे नांदायला जायला नकार, १८८४ मध्ये दावा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. मुद्दा बारीक होता: ही मुलगी त्याच्या घरी कधी राहिलीच नाही, मग 'पुन्हा' राहायला जा असं कोर्ट कसं सांगणार? अपिलानंतर निकाल फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग निवडला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाली. पुण्यात टिळक तिच्या विरोधात लिहीत होते. या विषयावर काही करायचं असेल तर सुधीर चंद्र यांचं काम आधी वाचा.

१८९९ मध्ये देवलांचं 'संगीत शारदा' आलं. जरठकुमारी विवाहावरचं सगळ्यात गाजलेलं नाटक. पण त्यात शारदेचं लग्न मोडतं ते वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. मुलीच्या नकाराने जे झालं नसतं ते गोत्राने झालं! मग १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, १ एप्रिल १९३० पासून लागू. आपल्याकडे त्याला सर्रास 'शारदा कायदा' म्हणतात, आणि मला स्वतःला बरीच वर्षं वाटायचं की तो देवलांच्या शारदेवरून. नाही. तो अजमेरच्या हरबिलास सारदा यांच्या आडनावावरून आहे. मुलाखतीच्या वेळी कुणी विचारलं तर फसू नका.

हा कायदा नीराच्या काही कामाचा नव्हता. त्यात मुलीचं किमान वय १४ होतं, मुलाचं १८. कमाल वय नव्हतं, अंतर नव्हतं, संमती तर नव्हतीच. पंधराव्या वर्षाची मुलगी साठीच्या माणसाला द्यायला कायद्याची काहीच हरकत नव्हती. शिवाय तक्रार करणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागता येत होता. १९३७ मध्ये शंभर रुपये!

याच कायद्यामुळे आकडेवारीतही एक खड्डा पडला आहे. कायदा लागू होण्याआधीच्या महिन्यांत देशभर घाईघाईने लग्नं उरकली गेली, त्यामुळे १९३१ च्या जनगणनेत लहान वयाच्या विवाहित मुलींचे आकडे फुगलेले आहेत. ते उचलून 'तिसाव्या दशकात बालविवाह वाढले' असं लिहिलेलं मी एका परिसंवादात ऐकलं. ऐकलं काय, मीच वाचलं होतं. समोर बसलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही.

आणि आता ती नदी. १९३० मध्ये आमचा तालुका वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या कारभारात, आणि पैनगंगेच्या पलीकडे निजामाचं राज्य. शारदा कायदा ब्रिटिश हद्दीतला. तो चुकवायला संस्थानी हद्दीत जाऊन लग्नं लावण्याचे प्रकार देशात ठिकठिकाणी होत होते. केळापूर तालुक्यातून किती वऱ्हाडं नदी ओलांडून गेली, हा कुणीतरी घ्यावा असा विषय आहे. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ आलं, म्हणजे तोच नांदायला येण्याचा दावा, आता नवरा-बायको दोघांनाही लावता येणारा. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. मधल्या वर्षभरात पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर बाईला कोर्टाने नांदायला पाठवणं बेकायदा होतं आणि अलीकडच्या तीरावर नव्हतं. पांढरकवड्याच्या कोर्टासमोरच्या टपरीवर चहा घेताना हे पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हा चहा तसाच राहिला.

इतकं सगळं 'कुंकू'ला लावून झाल्यावर मला वाटलं, विषय पकडला. आजीने तो पुन्हा सोडवला.

मोठ्या बाईचं पुढे काय झालं, असं मी विचारलं. आजी म्हणाली, "काय होनार? पाट लावला." नदीपलीकडच्या एका माणसाशी. जातीतल्या चार लोकांनी बसून पहिल्याचा खर्च परत करायला लावला आणि विषय संपला. आमच्याकडे पाट होता. विदर्भातल्या कुणबी, माळी, तेली, महार अशा कितीतरी जातींत विधवेचा किंवा सोडलेल्या बाईचा पाट लागत असे. त्याला लग्नाएवढा मान नव्हता, पण वाट होती. केळापूरच्या आसपासच्या गोंड-कोलामांच्या रीती तर आणखी निराळ्या. रखमाबाईंच्या आईचंही दुसरं लग्न झालं होतं, कारण त्यांच्या सुतार जातीत ते चालत होतं.

मग नीराची कोंडी नेमकी कुणाची कोंडी आहे? जिथे पुनर्विवाह हेच मोठं पाप, अशा पुण्या-मुंबईच्या उच्चवर्णीय मध्यमवर्गाची. सिनेमा त्या वर्गाचा आहे आणि त्यात वाईट काही नाही, पण आपण जेव्हा 'त्या काळची मराठी मुलगी' असं लिहितो, तेव्हा नीरा मोठ्या बाईच्या जागी बसते आणि मोठी बाई कागदावरून निघून जाते. उलट बाजूही आहे, ती लपवणार नाही. पाट होता म्हणून मोठी बाई मोकळी होती असं म्हणणं सोपं आहे. भावाने दोनदा नेऊन सोडली, ते काय होतं मग? आणि घरात पुढे पन्नास वर्षं तिचं नाव घेत नव्हते. मी इथे तिचं नाव लिहीत नाही, ते आजीने सांगितलं म्हणून. तोंडी इतिहासाच्या कामात संमतीपत्रावरची सही हा शेवट नसतो. माणूस नंतर 'हे नको लिहू' म्हणू शकतं, आणि तेव्हा ऐकायचं असतं.

'कुंकू'चा शेवट तुम्हाला माहीत असेल. काकासाहेबांना आपली चूक उमगते, ते जीव देतात आणि नीराने पुन्हा लग्न करावं अशी चिठ्ठी मागे ठेवतात. या शेवटावर बरंच लिहिलं गेलं आहे. माझं मत असं की चित्रपट इथे दचकला. दोन तास ज्या मुलीने फक्त स्वतःच्या नकारावर तग धरला, तिची सुटका शेवटी त्याच माणसाच्या परवानगीने झाली. आणि तोही मरून मोठा झाला, म्हणजे सहानुभूती पुन्हा त्याच्याकडे. दाते इतके चांगले नट आहेत की मला स्वतःला दरवेळी त्यांचं वाईट वाटतं.

पण हा दोष मराठीच्या एकट्याच्या माथी मारू नये. त्याच १९३७ मध्ये फिनलंडमध्ये 'युराकॉन हुल्दा' नावाचा चित्रपट आला, दिग्दर्शक वालेंतिन वाला. हेल्ला वुओलियोकी या लेखिकेच्या नाटकावरून, आणि ते नाटक तिने युहानी तेर्वापा या पुरुषी नावाने लिहिलेलं. हुल्दा नावाची खेड्यातली मुलगी हेलसिंकीला येते, एका बड्या माणसाकडे घरकाम धरते आणि रात्री अभ्यास करून पुढे जाते. फिनलंडमध्ये बायकांना मतदानाचा हक्क १९०६ पासून, आणि १९०७ मध्ये १९ बायका संसदेत निवडून आलेल्या. तरीही हुल्दाची गोष्ट शेवटी त्या बड्या माणसाशी जमण्यावर येऊन थांबते. हॉलिवूडने १९४७ मध्ये याच नाटकावर 'द फार्मर्स डॉटर' काढला आणि लॉरेटा यंगला त्यासाठी ऑस्कर मिळालं. मुलीला वाटेला लावायचं आणि शेवटी कुणा पुरुषाच्या हवाली करायचं, ही अडचण हेलसिंकीपासून पुण्यापर्यंत सारखी दिसते. तुलनात्मक काम करणाऱ्यांनी हे वर्ष धरून बघावं. सारखेपणा शोधण्यापेक्षा एक मुलगी शहरात जाऊ शकते आणि दुसरी दार उघडून बाहेरही पडू शकत नाही, हा फरक जास्त शिकवतो.

नीरा जे करू शकली नाही ते शांता आपटेने केलं, असं म्हणायचा मोह होतो. चित्रपटाच्या वेळी ती विशीच्या आसपास होती. १९३९ मध्ये कंपनीशी बिनसल्यावर तिने प्रभातच्या फाटकासमोर उपोषण केलं. १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहिलं, सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना तो धंदा आतून कसा आहे ते सांगणारं. पडद्यावरची नीरा नवऱ्याच्या घरात अडकलेली, आणि तिची भूमिका करणारी बाई कराराच्या कागदात. नटीचं आयुष्य आणि भूमिका एकमेकांवर चिकटवू नका, असं मी कनिष्ठांना सांगते, आणि इथे मला स्वतःलाच ते जमत नाही. तिच्याबद्दल आणखीही रंगतदार किस्से आहेत, एका संपादकाला छडीने मारल्याचा वगैरे. ते प्रत्येक ठिकाणी वेगळ्या तपशिलाने येतात, म्हणून प्रबंधात घेतलेले नाहीत. पण छडीचा किस्सा चित्रपटातल्या छडीनंतर फिरू लागला असेल तर तो नीराच्या लोकप्रियतेचा पुरावा म्हणून घेता येईल, असं आता वाटतंय.

साधनांबद्दल थोडं. 'दुनिया न माने' इंटरनेटवर बघायला मिळतो, पण अभ्यास 'कुंकू'चा असेल तर 'कुंकू'च बघा, दोन्ही एकच धरू नका. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं, म्हणजे त्याआधीची पन्नास वर्षं जे टिकलं ते नशिबाने टिकलं. प्रभातच्या जुन्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला २००३ मध्ये आग लागली, तेव्हा उरलंसुरलंही बरंच गेलं. चित्रपट नसेल तर गाण्यांची पुस्तिका, जाहिरात, परीक्षण, सेन्सॉरची नोंद यांवर काम करावं लागतं, आणि तसं केलेलं काम कमी दर्जाचं नसतं. मोठ्या बाईची तर पुस्तिकाही नाही. पांढरकवड्याच्या कोर्टात मी विचारून पाहिलं. जे चार लोकांनी बसून मिटवलं त्याचा कागद असणार कसा?

गेल्या उन्हाळ्यात आजीला लॅपटॉपवर 'कुंकू' दाखवला. वीज दोनदा गेली, त्यामुळे दोन दुपारी लागल्या. सावत्र मुलाला छडी बसली तेव्हा ती मोठ्याने हसली. शेवटी काकासाहेबांची चिठ्ठी आली आणि ती माझ्याकडे वळली.

"हे काय व्हय?"

मी म्हटलं, त्यांनी लिहून ठेवलंय की हिने दुसरं लग्न करावं.

"तिले चिठ्ठी कायले लागते?" आजी म्हणाली. मग चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मंग केलं का तिनं?"

चित्रपट तिथेच संपतो, असं मी सांगितलं. तिला ते काही पटलं नाही.